मनगटावरचा हिशेब

"वजन वाढलंय तुमचं," काट्याकडे बघत डॉक्टर म्हणाले. "पाच किलो उतरल्याशिवाय गुडघ्याचं ऑपरेशन नाही, असं ठरलं होतं ना आपलं?"

मी काट्यावर उभ्या उभ्याच मनगट त्यांच्यापुढे धरलं. "आधी काटा तपासा तुमचा. लेकानं दिलेलं हे घड्याळ रोज सांगतं, किती कॅलरी जळल्या ते. सकाळी घरादाराच्या भाकऱ्या थापल्या की निम्मं काम उरकतं."

"बसून थापता?"

"मग काय, नाचत थापू?"

डॉक्टर हसले नाहीत. "आजी, हात हलला की त्याला वाटतं तुम्ही चालताय. तो नुसता अंदाज असतो. त्यावर जेवण ठरवायचं नसतं."

मी तर तेच करत होते. सून एक भाकरी वाढून थांबली की घड्याळ तिच्या नाकासमोर नाचवायचं आणि दुसरी मागायची, वर तुपाची धार. परवा ती नको म्हणाली, तर पाहुण्यांसमोर मी बोलले, "माझ्याच घरात ही मला उपाशी मारते."

डॉक्टर आता माझ्यासोबत आलेल्या सुनेकडे वळले. "तुम्हाला एवढं समजावलं होतं. लक्ष नको द्यायला?"

"चुकलं माझं," सून खालच्या आवाजात म्हणाली. "मीच आग्रह करून वाढते त्यांना."

मला उतरवायला तिनं हात पुढे केला. तो धरायचीसुद्धा मला लाज वाटली.

"खोटं बोलतेय ती," मी डॉक्टरांना सांगितलं.