भुऱ्याचा नारळ

परातीत दोन नारळ शेजारी शेजारी पडले होते. दोन्ही काळे, गुळगुळीत, शेंडी झडलेले. एक मालतीबाईंच्या घरची देवी, कानबाई होती आणि दुसरा भुऱ्या कुत्र्याचं खेळणं. कुठला कोण, ते घरात कुणालाच सांगता येत नव्हतं.

घोळ सुनेच्या टापटिपीने केला होता. श्रावणातला रविवार, संध्याकाळी कानबाई बसायची, म्हणून जयश्रीने सकाळपासून सगळी खोली धुऊन काढली. डब्यातली देवी हळदीच्या पाण्याने धुतली. मग सणासुदीला कुत्र्याचं खेळणं तरी ओंगळ कशाला, म्हणून तेही धुतलं. सहा वर्षांच्या किरणने दोन्ही नारळ उचलून एकाच परातीत उन्हाला ठेवले. बमरोलीच्या त्या चाळीत एवढं स्वच्छ घर दुसरं नव्हतं, आणि आज थोडं कमी स्वच्छ असतं तर काही बिघडलं नसतं.

"आई, देवी मी आधी धुयी," जयश्री म्हणाली. "भुऱ्याना नंतर."

"मंग नंतरना कोनता, ते तठे लिखेल शे का?"

मालतीबाईंनी एकेक नारळ कानाशी धरून हलवला. दोन्ही आतून खुळखुळले. बोटं फिरवून दातांच्या खुणा शोधल्या. ओरखडे दोन्हींवर होते, कारण देवीची नथ दर श्रावणात मेणाने चिकटवायची आणि नंतर ते मेण सुरीने खरवडायचं, हे चाळीस वर्षं चालू होतं.

वाल्मिकने आज लूमच्या खात्यावरून, म्हणजे कारखान्यातून, सुट्टी घेतली होती. तो म्हणाला, "माय, कोपरावरथीन नवा लयी येस."

मालतीबाईंनी लेकाकडे असं पाहिलं की तो चप्पल घालता घालता थांबला. नवा नारळ असा दुकानातून आणून बसवता येत नाही. आधी भाऊबंद जमवून त्याचं रीतसर लग्न लावायचं, नारळ परणायचा, तेव्हा कुठे त्याची कानबाई होते आणि मग पिढ्यान्‌पिढ्या तीच चालते. ही कानबाई त्यांच्या सासूने शिरपूरहून एसटीत मांडीवर बसवून आणली होती. सहा वाजता तीस-पस्तीस माणसं दर्शनाला येणार. कुत्र्याच्या खेळण्यापुढे एवढ्या लोकांनी माथं टेकलं, तर ते पाप मालतीबाईंच्याच डोक्यावर येणार होतं.

"आजी, भुऱ्यालाच पूछ ने," किरण म्हणाली.

"आते कुत्रं देवी निवडी का?" मालतीबाई म्हणाल्या.

पाच वाजले होते. मालतीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग दाराकडे. सकाळपासून सोवळ्यापायी बाहेर बांधलेला भुऱ्या तिथे कुंई कुंई करत होता.

"सोड त्याले," त्या म्हणाल्या.

भुऱ्या आत आला. परातीत नाक घातलं आणि हळदीचा वास लागून दोनदा शिंकला. मालतीबाईंनी डोळे मिटून हात जोडले. बाई, एवढ्या डाव याला तू आवडू नको, असं मागणं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मागितलं.

भुऱ्याने डावा नारळ नाकाने ढकलून खाली पाडला आणि गडगडत बाहेर नेला.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. उजव्या नारळाला नथ लागली, काजळाचे डोळे आले, हिरवा खण चढला. केळीच्या खांबांमध्ये, चौरंगावर देवी बसली. सहाला खोली माणसांनी भरली आणि बायकांनी गाणी धरली.

आरतीच्या तोंडाशी भुऱ्या आत शिरला. पायांच्या गर्दीतून वाट काढत थेट चौरंगापुढे गेला, पुढच्या पायांवर हनुवटी टेकली आणि देवीकडे बघत बसला. वाल्मिकने हाकललं, उठेना. रोटाचा तुकडा दाखवला, बघेना. शेपूट तेवढी हळूहळू हलत होती.

मालतीबाई बाहेर आल्या. डावा नारळ पाण्याच्या ड्रममागे एकटाच पडला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तो पदराने पुसला, कपाळाला लावला, पदराआडून आत आणला आणि नटलेल्या नारळाच्या मागे, खणाखाली हळूच सरकवला. जयश्रीने ते पाहिलं आणि आरतीचं ताट उचलून तोंड फिरवलं. भुऱ्याने मागच्या नारळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आरती झाली. पर्वत पाटियाहून आलेल्या छायाबाईंनी, म्हणजे मालतीबाईंच्या चुलत नणंदेने, देवीच्या पाया पडून झाल्यावर कुत्र्याच्या कपाळालाही कुंकू लावलं.

"आठे इतला मानसं येतस, पन अशी भक्ती कोनी नही वं," त्या म्हणाल्या. "कसा एकटक देखी ऱ्हायना मायकडे."

मालतीबाईंनी काजळ घातलेल्या नारळाला वाकून नमस्कार केला.

"जुनी वळख शे त्या दोन्हीसनी," त्या म्हणाल्या.