तीन आठवडे

पॅकहाऊसच्या लांबलचक शेडमध्ये साठ-सत्तर बायका टेबलांशी उभ्या राहून द्राक्षांचे घड साफ करत होत्या. एकटीच तेवढी स्टुलावर बसली होती. गांगुर्डे सरांना चांगुणा शोधावी लागली नाही.

"दहा मिनिटं हां सर," सुपरवायझर म्हणाला. "दुपारी कंटेनर भरायचाय."

ती बाहेर आली ती डावा पाय ओढत. सरांना पाहून तिने डोक्यावरची प्लॅस्टिकची टोपी काढली, हातमोजे काढले आणि भिंतीला हात टेकून वाकायला लागली.

"अगं, राहू दे, राहू दे," सर म्हणेपर्यंत ती पाया पडली होती.

धम्मपाल गांगुर्डे एकतीस वर्षं गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात क्रीडा संचालक होते. या शनिवारी निवृत्त होणार होते. त्यांच्या हाताखालची मुलं-मुली रेल्वेत होती, पोलिसात होती, दोघं तर देशाकडून खेळून आली होती. रविवारच्या सत्काराचं निमंत्रण त्या सगळ्यांना मोबाईलवर गेलं होतं. ही एकच पत्रिका सर स्वतः घेऊन पिंपळगावला आले होते.

चांगुणा भोये सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून कॉलेजात आली होती. पाच हजार मीटर पळायची. अठरा वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत तिची नडगी मोडली. मोडल्या पायाने तिने रेषा ओलांडली, ती दुसरी आली. पुढे हाड वाकडंच जुळलं.

शेडबाहेर रिकाम्या क्रेटचा ढीग होता. तिने दोन क्रेट पालथे घातले. दोघं बसली.

"रविवारी यायचं," सर पत्रिका देत म्हणाले. "गाडी पाठवतो."

"मी? मी काय केलं सर? माझ्या संगतीच्या पोरी कुठल्या कुठे गेल्या." ती हसली. पत्रिका तिने पदराला हात पुसून मग घेतली.

"घरी कोण कोण आहे?"

"मालक टेम्पोवर हायेत. पोरगी नववीला. मोहिनी." ती जरा थांबली. "पळती. लय पळती. शाळेतले मास्तर दोनदा घरी आले, तालुक्याला पाठवा म्हणून. मी नाय पाठवत."

"का गं?"

"भरोसा नाय सर. पोर दुखणं लपवती. ते ओळखणारा माणूस पाहिजे. तुम्ही असता तर डोळे मिटून पाठवली असती."

सर क्रेटवर सरकून बसले.

"तुम्हाला सांगू का एक?" ती खालच्या आवाजात म्हणाली. "तुम्हाला वाटत असंल माझा पाय शर्यतीत मोडला. तो आधीच गेला होता. आठ दिवस आधी मी गुपचूप डॉक्टरकडे जाऊन पायाचा फोटो काढला. बारीक तडा दिसला. डॉक्टर बोलले, तीन आठवडे पळायचं नाय, तुझ्या सरांना फोन करतो. मी हात जोडले त्यांना. म्हटलं, नका सांगू. सर मला मैदानात पाय ठेवू देणार नाहीत." तिने गुडघ्याखालून हात फिरवला. "तुम्हाला फसवलं मी, सर. कधीपासून सांगायचं होतं."

आत कुणीतरी मोठ्याने वजन सांगत होतं. इथे येताना सरांनी एक वाक्य गाडीत चार वेळा म्हणून पाहिलं होतं. आता ते न म्हणताही उठता आलं असतं. चांगुणा त्यांच्याकडे मोकळ्या चेहऱ्याने पाहत होती.

"मला माहीत होतं," सर म्हणाले.

"काय?"

"तड्याचं. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी फोन केला होता."

तिचा गुडघ्याखालचा हात थांबला.

"शर्यतीच्या आधी मी तुला विचारलं, पाय ठीक आहे ना? तू हो म्हणालीस. मी म्हटलं, मग पळ."

एक टेम्पो मागे मागे येत शेडला लागला. दोन माणसं क्रेट उतरवू लागली.

"मग का नाय थांबवलं?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. शिकवलेलं न कळलं की ती पूर्वी असंच विचारायची.

"गुण कमी पडत होते. तू पळाली नसतीस तर ढाल गेली असती. कॉलेजला पहिल्यांदाच मिळत होती."

"मिळाली ना पण?"

"मिळाली."

"हाय का अजून कॉलेजात?"

"फिरती ढाल होती ती, चांगुणा. पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजने नेली."

"बरं," ती म्हणाली.

सुपरवायझरने आतून हाक मारली. चांगुणा क्रेटवर हात रेटून उठली. सर आधार द्यायला पुढे झाले, पण तोवर ती उभी राहिली होती. तिने टोपी घातली, सुटलेले केस आत सारले. मग एकेक बोट नीट बसवत हातमोजे चढवले. पत्रिका तिने परत केली नाही, उघडूनही पाहिली नाही.

दाराशी गेल्यावर ती वळली.

"म्हणजे डॉक्टरनी माझं ऐकलं नाय तर. एवढे हात जोडले तरी फोन केलाच." ती क्षणभर थांबली. "भला माणूस होता."

आणि आत गेली.