सिंद्रेचा सिद्धांत

रायफलचा दस्ता तोंडावर बसला तसा तूरफिन शेवाळावर कोसळला. थर्मासमधली कॉफी सांडली. तो थुंकला, रक्तात एक दात होता.

"अहवाल बदल," सिंद्रे म्हणाला. "नाहीतर इथंच गोळी घालीन."

प्राध्यापकपदासाठी सिंद्रेचा हा तिसरा अर्ज. निवड समितीत तूरफिन, त्याचाच जुना मार्गदर्शक. त्याचा अहवाल सोमवारी विद्यापीठात जाणार होता आणि त्यात सिंद्रेचं नाव दुसरं होतं. दर शरदात जातात तसे दोघे यंदाही एल्कच्या, त्या घोड्याएवढ्या थोराड हरणाच्या, शिकारीला आले होते. टोळीतले बाकीचे टेकडीपलीकडे, वॉकीटॉकी घेऊन आपापल्या जागी बसले होते. तूरफिन टोळीचा म्होरक्या. त्याने सांगितल्याशिवाय कुणी जागा सोडत नसे. सिंद्रेने सोडली होती.

"दुसरा नंबर वाईट नाही," तूरफिन म्हणाला. "सकाळचा एल्कसुद्धा तुझ्याआधी टोळीतल्या त्या दातांच्या डॉक्टरने पाडला. आता त्याच्याकडेच जावं लागणार मला."

सिंद्रेने त्याच्या बरगडीत लाथ घातली. आत काहीतरी मोडलं.

"तुझी तीस वर्षं माझ्या एका सिद्धांताने पाण्यात गेली. म्हणून मला खाली ढकललंस."

ते खोटं नव्हतं. कामगार संपाची धमकी देतात ती उपाशी मरूनही खरी करतात, यावर तूरफिनची सगळी कीर्ती उभी होती. सिंद्रेने गणिताने दाखवून दिलं होतं, की ज्या धमकीत आपलंच वाटोळं आहे ती शहाणा माणूस कधीच खरी करत नाही.

"मग घाल गोळी." तूरफिन कण्हत उठून बसला. "एकवीस वर्षं आत जाशील. आणि माझ्याबरोबर तुझा सिद्धांतही मरेल."

सिंद्रेने बोट चापावरून काढलं. मग नळी हळूहळू खाली आली.

"बघ," तूरफिन रक्ताळलेल्या तोंडाने हसला. "जिंकलास. याहून मोठा पुरावा कुठल्या समितीला मिळणार? पहिलं नाव तुझं लिहितो."

"थट्टा करतोयस?"

"दात पाडून घेऊन कोण थट्टा करतं? चल, पुरे आता. शिकार संपली."

म्होरक्याने हे शब्द उच्चारले की रायफल रिकामी करायची, हे सिंद्रे शाळकरी वयात बापाकडून शिकला होता. त्याचे हात आपोआप चालले. काडतुसं खिशात टाकून त्याने तूरफिनला हात दिला, उभं केलं.

"माफ कर मला," तो म्हणाला. त्याला रडू येत होतं.

तूरफिन झाडाला टेकला. त्याने आपली रायफल उचलली आणि वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"जखमी एल्कने तुडवलंय मला," तो धापा टाकत म्हणाला. "परत अंगावर येतोय. गोळी झाडतोय. कुणी जागा सोडू नका."

सिंद्रेने गर्रकन वळून रानात पाहिलं. झाडांमध्ये काहीच हलत नव्हतं.

"कुठाय?"

"सिद्धांत तुझाच बरोबर, सिंद्रे," तूरफिनने रायफल रोखली. "पण तो धमकी देणाऱ्यांबद्दल आहे. मी कधी दिली का?"