चौथं फंक्शन

मॉड्यूल पुन्हा अडलं. शलाकाने पडद्यावरची लाल ओळ तिसऱ्यांदा वाचली. ‘कळव’ नावाचं फंक्शन, म्हणजे एक ठरलेलं काम करणारा कोडचा तुकडा, मिळालं नाही, म्हणून ते सुरू व्हायला तयार नव्हतं.

अंबरनाथच्या रसायन कारखान्यात टाक्यांचा दाब मोजणारी यंत्रणा नव्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम तिच्याकडे आलं होतं. सगळं गणित महिपतींनी लिहिलेलं. आता ते नोकरी सोडून गेले होते आणि मागे उरलं होतं फक्त हे वेबअसेम्ब्लीचं मॉड्यूल. असलं मॉड्यूल म्हणजे कडी लावलेली खोली. बाहेरून जावास्क्रिप्टची जी फंक्शनं हाती द्यावीत, तेवढ्यांनीच त्याचा जगाशी संबंध. महिपतींचं मॉड्यूल चार मागत होतं. दाब वाचायला एक, वेळ बघायला एक, पडद्यावर लिहायला एक. पण हे चौथं? कुणाला कळवायचं, आणि काय?

“मी म्हणत नव्हतो?” कारखान्याचे मालक प्रमोद सर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. “आपले आकडे बाहेर पाठवायची सोय करून गेलाय तो. पुरावा काढ. आजच पोलिसांत देतो.”

शलाकाला ते पटत नव्हतं. मागच्या दिवाळीनंतर ती इथे लागली, तेव्हा महिपतींनीच तिला काम शिकवलं होतं. पण फोन आला की ते उठून मागच्या भिंतीपाशी जायचे, आवाज खाली आणून बोलायचे, हेही तिने पाहिलं होतं. माणूस ओळखण्यात आपण चुकलो की काय?

तिने ‘कळव’ स्वतःच लिहिलं. हाती येईल ते पडद्यावर दाखवायचं, बाहेर काहीच जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. मॉड्यूल निमूट सुरू झालं. दहा मिनिटं ‘कळव’ला कुणी हाक मारली नाही. मग तिने दोन नंबरच्या टाकीचा खोटा, वाढीव दाब आत सोडला.

लगेच ओळ उमटली. टाकीचा नंबर, आणि पुढे दहा आकडे.

“मोबाईल नंबर!” सर म्हणाले. “लाव. ऑफिसच्याच फोनवरून, स्पीकरवर.”

पहिल्याच रिंगला कुणीतरी फोन उचलला. बाईचा आवाज, धापा टाकणारा.

“कंची टाकी, महिपतीदादा?”

शलाका गडबडली. “मी शलाका, कारखान्यातून. तुम्ही कोण?”

“बनूबाई. तुमच्या भिंतीमागच्या वस्तीतली. बोला ना बाय, लोकांना भायेर काढू का? मागल्या श्रावणात तुमचा भोंगा काय वाजला नाय. दादांचा ह्याच नंबरावरनं फोन आला, म्हणून पोरंबाळं घेऊन टेकडीवर तरी गेलो.”

“नाही मावशी, काही झालं नाही,” शलाका कशीबशी म्हणाली. “फोन चालतो का, ते बघत होते. घाबरू नका.”

प्रमोद सरांनी हात लांब करून फोन बंद केला.

“त्याला एक रिकामं फंक्शन देऊन टाक,” ते म्हणाले. “नाव तेच ठेव, आत काही लिहू नकोस. मॉड्यूलला काय कळतंय?”

शलाकाने कीबोर्डवरचे हात उचलले आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

“सर, मागच्या श्रावणात काय झालं होतं?”