निर्णय तुझाच

"दोन्ही ऑपरेशनांनी आयुष्य सारखंच मिळेल," डॉक्टरबाईंनी तिला समजावून सांगितलं होतं. "फक्त गाठ काढली तर स्तन राहील, पण मग काही आठवडे रोज रेडिएशनला यावं लागेल. निर्णय तुमचा."

गाठच तेवढी काढावी, असं तिच्या मनात होतं. घरीही कुणाची ना नव्हती. "आई, शरीर तुझं, निर्णय तुझाच," मुलगा म्हणाला. मग ऑफिसात सध्या मान वर करायला फुरसत नाही, हेही ओघानं आलं. सुनेची सकाळची शाळा होती. नवऱ्यानं गुडघा चोळत विचारलं, "रोज म्हणजे अगदी रोज?"

आरशासमोर उभं राहून तिनं एकदा स्वतःला नीट पाहून घेतलं आणि स्तन काढून टाकायचं ठरवलं.

"घरून काही दबाव?" सही घेण्याआधी डॉक्टरबाईंनी विचारलं.

"छे हो! कुणी चकार शब्द काढला नाही."

दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी तिला न्यायला झाडून सगळे आले, दोन गाड्या घेऊन. तिला जपून पुढच्या सीटवर बसवत मुलगा म्हणाला, "आई, कुठंही जायचं असलं तर नुसतं सांगायचं. आम्ही आहोत ना!"