निळ्या स्वेटरचा पाढा

वर्गातल्या जुळ्या बहिणी बाईंना फक्त स्वेटरवरून ओळखू येत. निळा म्हणजे थोरली, हुशार. लाल म्हणजे धाकटी, तिचं आणि गणिताचं वाकडं.

"ये गं, तेराचा पाढा म्हण," बाईंनी निळ्या स्वेटरला फळ्याजवळ बोलावलं.

पोरगी 'तेरा सक अठ्ठ्याहत्तर'पर्यंत धावली आणि अडली. कधी या पायावर, कधी त्या पायावर उभी राहत ती बाहीचा धागा ओढू लागली. मागच्या बाकावर कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"गप्प रे! येतंय तिला. आठव बाळा, घाई नाही."

बऱ्याच वेळाने ती पुटपुटली, "तेरा साते... एक्क्याण्णव." मग मात्र गाडी थेट एकशेतीसवरच थांबली.

"शाब्बास! आता जरा धाकटीलाही शिकव."

पोरगी जागची हलेना.

"बाई, मी धाकटीच आहे. हा ताईचा स्वेटर आहे." तिने मान खाली घातली. "उद्यापण हाच घालून येऊ?"

"का गं? लाल टोचतो का?"

"नाही. लाल घातला की मी अडल्याबरोबर तुम्ही 'बस खाली' म्हणता."