कोरा वार

"कायद्याच्या मसुद्यात सुट्टीचा वार कोराच ठेवलात?" मंत्री हसले. "भांडण मिटलं नाही वाटतं! मौलानांना शुक्रवार हवा, फादरना रविवार आणि बुवा, तुम्हाला गुरुवार."

घरकाम करणाऱ्या बायकांना आठवड्याची हक्काची सुट्टी मिळावी, असा कायदा मागायला आम्ही तिघं त्यांच्या बंगल्यावर गेलो होतो.

"दोन महिने भांडलो, साहेब," कीर्तनकार असूनही मी थोडक्यात सांगितलं. "मग कळलं, सुट्टी आमची नाहीच. जिची आहे, तिनंच वार भरावा."

मौलाना चहा घेऊन आलेल्या बाईंकडे वळले. "ताई, तुम्हाला कोणता वार हवा?"

बाईंनी एकदा मंत्र्यांकडे पाहिलं आणि ट्रे टेबलावर ठेवला.

"बुधवार. त्या दिवशी आमच्या वस्तीत नळाला पाणी येतं. अकरा वर्षं माझं पाणी शेजारीण भरतेय."